गेहरींच्या इमारती पत्र्याच्या आतून बघा

डिसेंबर २०२५ मध्ये वास्तुविशारद फ्रँक गेहरी गेले, तेव्हाही बहुतेकांनी तेच लिहिलं: कागद चुरगळायचे आणि त्याची इमारत व्हायची. हे वाचून वाईट वाटतं, कारण गेहरी पार्टनर्स या त्यांच्या फर्मच्या कामातली शिस्तच त्यात पुसली जाते.

त्यांच्याकडे आधी कागद, पुठ्ठा, लाकूड यांची मॉडेलं बनायची. एखादं पक्कं झालं की त्यावर डिजिटायझर (बिंदूची जागा मोजणारं उपकरण) फिरवून एकेक बिंदू संगणकात घ्यायचा आणि त्यातून पृष्ठभाग उभा करायचा. सॉफ्टवेअर काटिया, म्हणजे मुळात विमानांच्या डिझाइनसाठी बनलेलं. बार्सिलोनातला १९९२ चा प्रचंड मासा, म्हणजे माशाच्या आकाराचं शिल्प, त्यातूनच बांधला गेला.

कागदच का? कागदाचा तुकडा गोल वळवा आणि तसाच धरून आडव्या दिशेनेही वाकवायला जा. लगेच सुरकुती पडते. धातूच्या पत्र्याचंही तेच. दोन्हीकडून वाकलेला पत्रा हवा तर साचा लागतो, प्रत्येक तुकडा वेगळा घडवावा लागतो आणि खर्च कुठच्या कुठे जातो. कागदाला जमलेलं वळण पत्र्याला बहुधा जमतं, म्हणून दुहेरी वळण अगदी नाइलाज असेल तिथेच.

स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय (१९९७) बघा. मुख्य सांगाडा सरळ पोलादी दांड्यांचा, साधारण ३ मीटरच्या जाळीत. वळण येतं ते त्यावर बसवलेल्या नळ्यांमुळे. मग गॅल्व्हनाइज्ड पत्रा, त्यावर वॉटरप्रूफ मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) आणि शेवटी टायटॅनियम, जाडी फक्त ०.३८ मिलिमीटर. इतका पातळ पत्रा ताठ बसत नाही, किंचित फुगतो. त्या फुगवट्यामुळेच ढगाळ हवेतही उजेड त्यावर खेळतो. पाणी अडवायची जबाबदारी मात्र खालच्या मेंब्रेनची.

चुकलंही आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचं (२००३) बहुतेक स्टेनलेस स्टील मॅट आहे, पण एका भागाला आरशासारखं पॉलिश होतं आणि तिथला पत्रा आतल्या बाजूला वळलेला. अंतर्गोल आरसा करतो तेच त्याने केलं: ऊन गोळा करून शेजारच्या घरांवर आणि फुटपाथवर फेकलं. २००५ मध्ये तो भाग घासून निस्तेज करावा लागला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या स्टाटा सेंटर या इमारतीवरून (२००४) संस्थेने २००७ मध्ये गेहरींच्या फर्मवर आणि कंत्राटदारावर दावा लावला. गळती, तडे, निचऱ्यातले दोष, वरून घसरणारा बर्फ अशा तक्रारी होत्या. २०१० मध्ये तडजोड झाली.

माझं ठाम मत असं की अशा इमारतीत आकारापेक्षा दोन आकार भेटतात ती खाच जास्त धोक्याची. सगळं पाणी आणि कचरा तिथेच येतो. पन्हळ अरुंद ठेवली किंवा माणूस तिथे पोचू शकला नाही, तर ती तुंबणार आणि पाणी उलटं मेंब्रेनच्या कडेखाली शिरणार. तेव्हा असं काही बांधून घेणाऱ्याने रेंडरिंग (संगणकावरचं देखणं चित्र) बाजूला ठेवून त्या खाचेचा छेद, म्हणजे आतले थर दाखवणारा नकाशा, मागावा, खऱ्या मापाचा एक तुकडा उन्हात उभा करून दिवसभर बघावा, आणि मेंब्रेन बदलायची वेळ आली तर वरचा पत्रा न मोडता निघतो का, हे करारावर सही करायच्या आधी विचारावं.