उचित दंत तपासणे

आमच्या गाडीला टेकून उभा राहिलेला माणूस गावात कुठंही ओळखू यायचा, कारण त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा असायचा. सासरे एकदा लग्नाला निघताना काळ्या कोटात टेकले आणि वधूपक्षातल्या चौघांनी त्यांना मांडवात पाठीवर थोपटलं. त्यांना वाटलं काय आपुलकी आहे लोकांना.

गाडी म्हणजे मोटरहोम. जुन्या ट्रॅव्हलरच्या चासीवर कुणीतरी बांधलेली फायबरची बॉडी, आत दोन बर्थ, एक शेगडी आणि एक बेसिन, ज्याचं पाणी नेमकं कुठं जातं ते मी अजून खाली वाकून बघितलेलं नाही. सेकंडहँड घेतली. एजंटनं दाखवली तेव्हा गडद निळी, त्यात माझा चेहरा दिसत होता, तिथंच फसलो बहुतेक. काहीतरी तेल फासलं होतं त्यानं, कारण बेळगावात, अनगोळात घरापुढं आणून लावली आणि पहिल्याच वळवाच्या पावसात निळेपण गटारीनं वाहून गेलं आणि खाली उरला तो धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या युनिफॉर्मचा रंग. बोट फिरवलं की खडूची पूड. बायको म्हणाली, "गाडीला पावडर लावलासा काय?"

मग अभ्यास केला. फायबरवर जेलकोट म्हणून रेझिनचा एक थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं त्या रेझिनला खातात, मग त्यातला रंग सुटा होतो आणि पूड होऊन वर बसतो. आमची गाडी बहुतेक आयुष्यभर एकच कूस उन्हाकडं करून उभी असावी, कारण डावीकडनं बघितली तर नवरदेव आणि उजवीकडनं बघितली तर नवरदेवाचा आजा.

सल्ले फुकट मिळाले. एक म्हणाला रॉकेल, एक म्हणाला टूथपेस्ट (हे लक्षात ठेवा, पुढं दुखणार आहे), समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या खोबरेल. खोबरेल लावलं. दोन दिवस गाडी खरंच तुकतुकीत दिसली, तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची सगळी धूळ तिच्यावर मुक्कामाला आली.

अशा वेळी मेव्हणा येतोच. तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहे, त्यामुळं जगातल्या कुठल्याही वस्तूवर काहीतरी घासलं की ती सरळ होते असा त्याचा विश्वास. "दाजी, कंपाउंड मारूया की, दोन तासाचं काम!" म्हणत तो कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, आणि लोखंड घासायचा अँगल ग्राइंडर घेऊन आला आणि त्याला लोकरीचं पॅड बसवलं. आता बफिंगचं मशीन मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांवर चालवतात आणि ग्राइंडर फिरतो अकरा हजारांनी, हे मला नंतर कळलं, त्याला बहुतेक अजून कळलेलं नाही. बटण दाबल्याबरोबर कंपाउंड भिंतीवर, तुळशीवर, माझ्या चष्म्यावर, कुठं म्हणाल तिथं, गाडी सोडून. मग वास. "दाजी, वास येतोय खरं..." त्यानं मशीन उचललं तर खाली चपातीएवढा तपकिरी गोल, मधे जरा जास्त भाजलेला. मेव्हणा चहा न घेता गेला, म्हणजे प्रकरण गंभीर.

मग मात्र रीतसर. खरं बफिंग मशीन भाड्यानं आणलं, रबरी बीडिंगवर मास्किंग टेप लावली, कारण पांढरं कंपाउंड काळ्या रबरात एकदा शिरलं की निघत नाही, आणि पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर हातात घेतला, आधी हजार नंबर, मग पंधराशे, मग दोन हजार, त्यानंतर कंपाउंड, त्यानंतर पॉलिश. एका वेळी दोन बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा. मी आपलं हौसेनं टेप घेऊन मोजलं तर असे सव्वाशे चौकोन निघाले, गुणिले पाच हात, सहाशे पंचवीस. हा गुणाकार करायला नको होता.

त्यात ऊन नको. पत्रा तापल्यासारखी बॉडी तापली की कंपाउंड जागच्या जागी वाळून पापड होतं, म्हणून सकाळी सहा ते साडेआठ एवढाच मुहूर्त, तोही ताडपत्रीच्या सावलीत. घासताना हातावरनं निळं ताक ओघळायचं आणि मला सारखी भीती की थर अर्धा मिलिमीटर आणि माझा उत्साह त्याहून जाड, आरपार गेलो तर? आठवड्याभरात खांदा असा झाला की ऑफिसात डोकं खाजवायचं असलं तर डोकंच हाताकडं न्यावं लागायचं. एका रविवारी बायकोनं चिमूटभर कंपाउंड नेऊन न्हाणीतला नळ घासला, दहा मिनिटांत चमकवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच न्हवं?"

टपावर मी चढलोच नाही. टप कावळे बघतात आणि त्या आजी. आजी रोज गॅलरीतनं सांगतात, "बाळा, वरनं तसंच हाय रे."

मृगाच्या आधी वॅक्स मारून संपवलं. ताडपत्रीखाली गाडी बघितली आणि भरून आलं, त्या भाजक्या चपातीवर मी एक गणपतीचा स्टिकर लावला होता तोही शोभत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमावर जाऊ म्हटलं, पिरनवाडी, किणये मागं टाकलं आणि जांबोटीला चहाला थांबलो. कोवळं तिरकं ऊन गाडीच्या कुशीवर पडलं आणि तिथं अक्षरं उगवली. मोठी, कन्नड, हातभर उंच. उचित दंत तपासणे.

म्हणजे गाडी आधी दातांच्या शिबिराची. जुन्या स्टिकरखालचा जेलकोट उन्हापासून वाचलेला, आजूबाजूचा खाल्लेला, आणि कितीही घासलं तरी तिरक्या उजेडात तो फरक दिसतोच. महिनाभर मी सावलीत घासत बसलो, दिसणार कसा? आता मराठी माणसाला वाटेल उचित म्हणजे योग्य, रास्त. कन्नडमधे उचित म्हणजे फुकट. आणि जांबोटीत दोन्ही येणारी माणसं राहतात.

चहा येईपर्यंत चार जण ओळीत. मी सांगतोय, अहो हे घर आहे, आत बेसिन आहे बघा. बेसिन म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. सगळ्यात पुढं एक आजी, गाल सुजलेला. त्यांनी गाडीवर हात फिरवला, बोट उलटं करून बघितलं. बोट स्वच्छ. महिनाभराची माझी कमाई त्या एका बोटावर होती आणि मला सांगायचं सुचेना.

"गाडी एवढी चकाचक ठेवलाय," आजी मागच्यांना म्हणाल्या, "म्हंजे हात चांगला असणार ह्याचा," आणि त्यांनी आ केला.