‘तांत्रिक अडचण’ म्हणजे मी

काल रात्री 9 चं बुलेटिन, चॅनलच्या साउंडवर मी. गिरगाव चौपाटीवरून रिपोर्टर लाइव्ह. तोंड हलतंय, हातवारे चालू, आवाज शून्य. अँकरबाईंनी दोनदा नाव घेऊन हाक मारली आणि मग ते लाडकं वाक्य: ‘तांत्रिक अडचणीमुळे आपला संपर्क होऊ शकत नाहीये.’

कसली डोंबलाची तांत्रिक अडचण! बॅकपॅकची (मोबाइल सिमांवरून चित्र-आवाज पाठवणाऱ्या यंत्राची) सगळी सिमं ठणठणीत, पिक्चर काचेसारखं. आवाजाच्या दुसऱ्या चॅनलवर कॅमेऱ्याच्या माइकमधून समुद्राची गाज आणि भेळवाल्याची आरोळीसुद्धा येत होती. त्याचाच फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर घेतला, तर बुलेटिन चालवणाऱ्या आउटपुट डेस्कवरून बोंब, ‘हे काय लावलंय?’ झालं असं होतं, की 8:40 ला ‘माइक चेक एक दोन तीन’ करून रिपोर्टरसाहेब चहाला गेले आणि कमरेमागच्या ट्रान्समीटरचं नखाएवढं बटण बंद करून ठेवलं. का? तर सेल वाचवायला. दोन पेन्सिल सेल! कंपनी बुडाली असती ना.

त्याला झापायला मी टॉकबॅकची (थेट कानात बोलायच्या लाइनची) की दाबली. रागात बोट एक घर सरकलं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी थेट अँकरबाईंच्या कानात केला, त्या ऑन एअर असताना. बाई दोन सेकंद थिजल्या, डोळे वटारले आणि म्हणाल्या, ‘पुन्हा एकदा तांत्रिक अडचण.’ ही मात्र खरी होती. पीसीआरमधले (कंट्रोल रूममधले) सगळे टेबलाखाली वाकून हसत होते. मीही हसलो असतो, पण मला घाम फुटला होता.

तरी माझं म्हणणं आहेच. आठ खिडक्यांची चर्चा लावायची, प्रत्येक पाहुण्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून फीड द्यायचा, तो मी देतो. पण पाहुणा घरचा टीव्ही मोठ्याने लावून बसला की ‘इको येतोय, बघ जरा’ मलाच. विसर्जनाच्या रात्री टॉवर गुदमरला की सिमं सहा असोत की साठ, काय दिवे लावणार? तेव्हाही ‘बघ जरा’. उपग्रह 36,000 किलोमीटरवर आहे, आवाज जाऊन यायला वेळ लागणारच, पण अँकर थांबायला तयार नाही आणि रिपोर्टर नंदीबैलासारखा मान हलवतोय. आणि कळस म्हणजे सन आउटेज. दर मार्चमध्ये सूर्य डिशच्या बरोब्बर समोर येतो, काही मिनिटं सिग्नल जातो, वेळापत्रक मी आधीच मेल करतो. यंदा एका वरिष्ठांनी शांतपणे विचारलं, ‘हेडलाइन्सनंतर घेता येईल का?’

घेतो ना. सूर्याला फोन लावतो.

असो. रात्री 11 ला लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं: ट्रान्समीटर बंद होता, तो रिपोर्टरने केला होता. मेल परत आला. भाषा सौम्य करा, कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक अडचण’ लिहा. लिहिलं. टॉकबॅकचं प्रकरण त्यात नव्हतं, म्हणून जास्त ताणलं नाही.

आज सकाळी येऊन सगळ्या लेपलच्या (कॉलर माइकच्या) ट्रान्समीटर बटणांवर काळी टेप मारली. दुपारी दीडला फिल्डवरून पहिला फोन: ‘दादा, माइक बंदच होत नाहीये. काहीतरी टेक्निकल आहे.’