‘पडस’ म्हणाला म्हणून

आज दुपारपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

आमच्याकडे ट्रेनींच्या मुलाखती होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाशकाच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कुठेही हेच घडलं असतं. आम्ही तिघं बसलो होतो. कळवणकडचा एक पोरगा आला, आयटीआय फिटर. इस्त्रीचा शर्ट, फाईल छातीशी धरलेली, एकेक शब्द तोलून टाकत होता. मी समोर व्हर्निअर आणि एक पिन ठेवली, म्हटलं माप घे. त्यानं आधी जबडे पुसले, मिटवले, उजेडाकडे धरून पाहिले. मी विचारलं, हे कशाला? तर गडी खुलला आणि पटकन बोलून गेला, "सर, पहिले झीरो एरर देखनं पडस!"

बरोबर उत्तर. जबडे मिटल्यावर व्हर्निअर शून्य दाखवत नसेल तर पुढचं मापही चुकतं. बरीच पोरं नेमकं हेच विसरतात.

अहिराणी या खानदेशातल्या बोलीत ‘पडतं’चं ‘पडस’ होतं. शेजारचे साहेब हसले. "पडस?" म्हणाले. तेवढंच. पोराचे कान लाल झाले. त्यानंतर "हो सर", "नाही सर" याच्या पुढे तो गेलाच नाही. पिनचं माप त्यानं अचूक सांगितलं, बारा पॉइंट चार सहा, पण इतकं हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. तो बाहेर पडल्यावर शेऱ्याच्या रकान्यात पडलं, ‘कम्युनिकेशन वीक’.

आणि मी गप्प बसलो. मी, सटाण्याचा!

१९९७ साली मी असाच सातपूरला आलो होतो, टर्नर अप्रेंटिस म्हणून. अहिराणीत ‘ळ’ नाही, डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, काळ्याला काया. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून मी पुटपुटत होतो, शाळा, फळा, डोळा, काळा. दुसऱ्याच आठवड्यात लेथवर माझ्या हातून कापायच्या हत्याराची कार्बाइडची टीप तुटली. माझी वाचाच गेली. प्रमाण मराठीत ‘तुटली’ म्हणायचं की काय, तेसुद्धा सुचेना. फोरमन आले. जुन्या नाशकातले, वाड्यात वाढलेले, साहेबांशी अगदी स्वच्छ पुस्तकी बोलणारे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ? टीप तुटनी का? घाबरू नको, दुसरी लाव, मी देखस."

त्यांची अहिराणी काही घरची नव्हती, पोरांच्यात राहून उचललेली. हेल चुकायचा. पण त्या दिवशी ते माझ्याकडे चालत आले, आणि तेसुद्धा माझ्या बोलीत. युपीच्या वेल्डरशी त्यांची हिंदी, सुरगाण्याच्या हेल्परशी तिकडच्या कोकणा आदिवासींच्या कोकणीत दोन शब्द, केबिनमध्ये पुन्हा पुस्तकी मराठी. कुणी त्यांना दुटप्पी म्हणालं नाही. माणूस बघून बोलायची त्यांची रीत होती ती.

माझं म्हणणं एवढंच आहे. समोरच्याला बघून बोलणं वळवणं यात खोटं काहीच नाही, ती माणुसकी आहे. पण वळायचं कुणी? दरवेळी खालच्यानंच का? अर्जदारानं वळायचं, पेशंटनं वळायचं, बँकेच्या खिडकीपाशी उभ्या म्हाताऱ्यानं वळायचं. खुर्चीतला माणूस आहे तिथेच. आणि वळताना एखाद्याची जीभ घसरली तर तो हसणार!

संताप कशाचा येतो सांगू? हेच लोक ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटत होते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नाशकात राहतो म्हणून यांची छाती फुगते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून आपण सगळेच भांडलो, मीही भांडलो, आणि जूनअखेर सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. तेव्हा आपण काय म्हणत होतो? लेकराला त्याच्या भाषेत बोलू द्या. मग कळवणचं लेकरू लेकरू नाही का? २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे अठरा लाखांच्या वर मोजलेत, अहिराणी त्यातच. निवडणूक आली की बागलाण-मालेगावात स्टेजवरून हीच भाषा पुढाऱ्यांना गोड लागते. मुलाखतीत मात्र तिला ‘वीक’ म्हणायचं.

हो, कारखान्यात एक सामाईक भाषा लागते, हे कबूल. सेफ्टीची सूचना सगळ्यांना एकसारखी कळायला हवी, ऑडिटला आलेल्या कस्टमरशी अहिराणीत बोलून चालणार नाही. पण ती शिकायलाच तर ट्रेनी म्हणून घेतो ना आपण? शिकवता येते ती. आधी झीरो एरर बघायची त्या पोराची सवय शिकवून येत नाही.

आणि दुसऱ्याची बोली बोलणं म्हणजे त्याची नक्कल करणं नव्हे. ‘काय करी ऱ्हायना’ म्हणत खिदळणारे ऑफिसात खूप भेटतात. फोरमन ती बोलायचे तेव्हा आम्हाला कधी हसू आलं नाही, मग राग तर लांबच. पहिल्याच शब्दाला कळतं हा माणूस आपल्याकडे आलाय की आपल्याला वेडावतोय.

लिहिता लिहिता आई आठवली. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गावाकडेच असते. माझ्याशी फोनवर अहिराणीत भांडते, हसते, मळ्यातल्या कांद्याचं रडगाणं गाते. मग माझी मुलगी फोन घेते. तिला अहिराणी समजते पण बोलता येत नाही, तो दोष माझा, मीच घरात बोलू दिली नाही. तर आई तिच्यासाठी भाषा बदलते. सावकाश, शब्द शोधत. "जेवलीस का गं बाळा? डोळे बरे आहेत ना तुझे?" तो ‘डोळे’ म्हणताना तिला किती जोर लावावा लागतो ते मला इकडे ऐकू येतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती वळते, आणि वीस वर्षांची नात जागची हलत नाही. मुलीला काय बोलू, शिकवलं कुणी?

फोरमन तीन वर्षांपूर्वी गेले. आज ते माझ्या खुर्चीत असते तर तिथल्या तिथे त्या पोराला म्हणाले असते, "बरोबर शे भाऊ, अजून काय देखनं पडस?" आणि पोरगं बोलत सुटलं असतं. मला साधं एक वाक्य सुचलं नाही. सुचलं होतं खरं तर. शेजारचे साहेब माझ्याकडेही तसंच बघतील म्हणून गिळलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं नोकरी झाल्यावरसुद्धा.

त्याचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. ‘अवगत भाषा’ या रकान्यात त्यानं लिहिलंय, मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी. मीही १९९७ साली एवढंच लिहिलं होतं.

उद्या साडेनऊला एचआरकडे जाऊन तो शेरा बदलायला सांगणार आहे, माझ्या सहीनिशी. ते काय म्हणतील ते म्हणोत. त्याच्या आधी त्या पोराला फोन करायचाय, आणि ‘हॅलो’नंतर पहिलं वाक्य कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरलंय.