'घरफाळा भरू नका' म्हणणाऱ्यांनो, मामांचा दंड कोण भरणार?

गेल्या रविवारी कोल्हापुरात शिवाजी पेठेत मामांकडे गेलो होतो. चहा यायच्या आधीच त्यांनी टीव्हीखालच्या कप्प्यातून घरफाळ्याचं, म्हणजे महापालिकेच्या मालमत्ता कराचं, बिल काढून माझ्यापुढं टाकलं. म्हणाले, "औंदा भरत नाही. कायदा आलाय."

कायदा म्हणजे तालमीच्या ग्रुपवर आलेला मेसेज. वर 'जागे व्हा कोल्हापूरकर', खाली 'किमान ११ जणांना पाठवा'. मामा सूतगिरणीत हिशेबनीस होते. विजेचं, पाण्याचं, फोनचं एकही बिल त्यांनी कधी मुदतीबाहेर जाऊ दिलेलं नाही. असा माणूस चार ओळींच्या मेसेजवर विसंबून गप्प बसला, म्हणून हा खटाटोप. नाहीतर असले मेसेज मी रोज सकाळी दात घासता घासता पुसून टाकतो.

मेसेजातली सगळ्यात घातक ओळ अशी: "बिल भरले म्हणजे तुम्ही कर मान्य केला. मग कुठेही दाद मागता येत नाही. म्हणून भरूच नका."

ज्यानं हे लिहिलं त्यानं कायद्याचं पुस्तक उलटं धरलं असावं. आपली महापालिका चालते १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर. त्यात कलम ४०६ आहे, ते अपिलाचं. घराचं मूल्य चुकीचं लावलंय, कर जास्त आकारलाय असं वाटलं तर न्यायाधीशाकडं अपील करता येतं. पण ते अपील ऐकून घेण्याच्या अटी आहेत. पहिली, पंधरा दिवसांत दाखल करा. दुसरी, मूल्याबद्दल भांडण असेल तर आधी आयुक्तांकडं तक्रार करून तिचा निकाल लागलेला हवा. आणि तिसरी अट नीट वाचा: अपील करायच्या तारखेपर्यंत ज्या कराबद्दल वाद आहे तो आधी महापालिकेकडं जमा केलेला असला पाहिजे. पैसे भरले नाहीत तर अपील दारातूनच परत.

ही अट अन्यायाची आहे असं कुणी म्हटलं तर मी लगेच मान हलवीन. चूक त्यांची असली तरी पैसे आधी आमचे अडकणार, हे कुणाला आवडेल? पण कायदा आज असा आहे. म्हणजे 'भरू नका' सांगणारा मेसेज तुमच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेतो आणि वर तुम्हालाच लढवय्या म्हणतो.

दरम्यान व्याज थांबत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. मामांचं बिल ७,२०० चं. मेसेजवाल्याच्या नादानं दहा महिने थांबले तर १,४४० रुपये जास्तीचे चढले. हा आकडा मी बिलाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं मांडून दाखवला, तेव्हा कुठं मामांनी चष्मा लावला. मुदतीत भरणाऱ्याला जी सवलत मिळते तीही गेली, ते वेगळंच. मेसेज लिहिणारा त्यातला एक रुपया देणार आहे का? त्याचं नाव तरी कुणाला माहीत आहे?

दुसरी ओळ: "५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना घरफाळा माफ झाला आहे, अधिकारी लपवतात." झाला आहे, मुंबईत. १ जानेवारी २०२२ पासून बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. पण मुंबईचा कायदाच निराळा आहे, १८८८ चा, आणि माफी त्या कायद्याखाली दिलेली आहे. ती आपोआप घाट चढून कोल्हापुरात येत नाही. इथं हवी असेल तर मागा की. मोर्चा काढा, मी येतो. पण मागणी आणि मंजुरी यांतला फरक खाऊन टाकायचा आणि पेठेतल्या म्हाताऱ्यांना सांगायचं की माफी झालीच आहे, याला काय म्हणायचं?

घटनेच्या कलम ३००अ मुळे घरफाळा बेकायदा ठरतो, ही ओळ वाचून मला हसू आलं. ते कलम म्हणतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. इथं कायदा आहे, १९४९ पासून आहे. पुढं चला.

"बिलातला शिक्षण कर महापालिका खाते." हा पैसा राज्याचा. १९६२ च्या कायद्यानं शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे दोन्ही राज्य सरकारसाठी गोळा होतात, महापालिका फक्त वसूल करून देते. राज्याला शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, पत्ता बरोबर घाला.

आता जिथं मेसेज अर्धा खरा आहे तिथं मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. "घरात एक वीट वाढवली नाही तरी घरफाळा वाढतो," हे खोटं नाही. आपल्याकडं आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, होते आणि त्या मूल्याचं मूळ रेडीरेकनरमध्ये, म्हणजे जागेच्या सरकारी दरपत्रकात, आहे. गल्लीत दोन बिल्डर आले, जागेचे भाव चढले, तुमचं घर मात्र तेच जुनं कौलारू. पेन्शनीवर जगणाऱ्याला घराची किंमत वाढल्याचा काय उपयोग? घर विकून कर भरायचा काय?

"जकात गेली आणि भार आमच्यावर आला," यातही तथ्य आहे, पण अर्धंच. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तीही गेली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यानं नुकसानभरपाईचा कायदा केला, त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. म्हणजे पैसा येतो. पण स्वतःच्या हातातलं उत्पन्न म्हणून घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्यांचं शुल्क असं थोडकंच उरलं. त्यात शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हा होती तेवढीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. भोवतालची गावं आपल्याच रस्त्यांवरून रोज ये-जा करतात आणि हद्दवाढ म्हटलं की विरोध. त्यांची बाजूही समजते, आपली बिलं बघून कोण हौसेनं आत येईल?

आणि दर ठरतात कधी, हे मेसेजात कुठंच नाही. कलम ९९ प्रमाणं पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. बोंब मारायची तर तेव्हा. आपण मारतो बिल हातात पडल्यावर, म्हणजे सगळं ठरून झाल्यावर. खरं तर नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच होते, त्यामुळं फेब्रुवारीत जाऊन भांडायचं तरी कुणाशी, हा प्रश्न रास्त होता. मेसेज लिहिणाऱ्याला खरा मुद्दा हवा होता तर हा होता. त्यानं तो घेतला नाही.

शेवटी टोल. "टोल घालवला तसा घरफाळा घालवू." टोलविरोधी आंदोलन ज्यांनी पाहिलं त्यांनी तरी असं बोलू नये. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखा माणूस त्या वयात रस्त्यावर उतरला होता, आणि तो लढा कागदावर, कोर्टात, चौकाचौकांत उघडपणे, नावानिशी चालला होता. निनावी मेसेज पाठवून घरी झोपणाऱ्यांनी त्याच्याशी नातं सांगू नये.

हे सगळं मामांना सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "माझं भांडण दराचं न्हाईच. मागची पत्र्याची शेड पडून चार वर्षं झाली, ती अजून बिलात धरत्यात."

"पडल्याचं कळवलं होतं का?"

"कुणाला?"

अर्ज मीच लिहून दिला. बुधवारी त्यांनी विभागीय कार्यालयात जाऊन बिल भरलं, पावती घेतली, आणि संध्याकाळी फोन केला, अर्जाला पुरावा म्हणून फोटो जोडू का? जोडा म्हटलं. मग त्यांनी पाठवला. ताईच्या हळदीचा फोटो, सगळे पिवळे झालेले, आणि मागं पत्र्याची शेड धडधाकट उभी.