‘पुण्यात बसून’ या दोन शब्दांबद्दल

सर, नमस्कार.

‘गँगवरचे सिनेमे पोरांना भुलवत नाहीत, सावध करतात’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही माजलगावकडं शाळेवर आहात. नववीची पोरं तलवारीनं केक कापून स्टेटस ठेवतात, सिनेमाचा शेवट कुणाच्या ध्यानात राहत नाही, असले सिनेमे सरकारनं अडवावेत, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी हे वाक्य: ‘पुण्यात बसून गुन्हेगारीची चव घेत लिहिणाऱ्यांना इकडची लेकरं कशी वाया जातात ते काय कळणार?’

आधी माझी चूक. ‘वास्तव’ १९९९ चा, मी १९९८ लिहिलं होतं. १९९८ चा तो ‘सत्या’. तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

आता त्या वाक्याकडं येतो. मतभेद असू द्या, पण ही काय भाषा झाली? ‘चव घेत’? वर्गात एखाद्या पोराचं उत्तर पटलं नाही तर तो कुठल्या गल्लीत राहतो त्यावरून त्याला बोलता का? मी पुण्यात नोकरीला आहे, सोळा वर्षं झाली. त्याआधीची तेवीस वर्षं परभणीत गेली, मोंढ्यामागच्या गल्लीत. आत्याचं गाव गंगाखेडजवळ, गोदाकाठी. तिचा थोरला मुलगा अडत दुकानात कामाला होता आणि आमच्याकडंच राहायचा.

‘वास्तव’ मी त्याच्यासोबतच पाहिला. तो विशीत, मी नववीत. सिनेमातला रघू पावभाजीची गाडी लावतो तिथंपासून आई त्याला गोळी घालते तिथंपर्यंत हा जागचा हलला नाही. शेवटी ढसाढसा रडला. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप त्याला उघडता येईना, हात कापत होते. मला म्हणाला, ‘घरी सांगू नको मी रडायलो होतो म्हणून.’

शेवट ध्यानात राहत नाही म्हणता. त्याच्या राहिला होता.

पुढं पाच-सहा वर्षांनी तो चोरट्या वाळूच्या धंद्यात गेला. गोदावरीच्या पात्रातून रात्री टिप्पर निघायचे. त्यांच्या पुढं मोटारसायकलवर राहायचं, तहसीलची गाडी दिसली की मागं फोन लावायचा. एका रात्रीचे पाचशे रुपये. घरचा बोअर आटलेला, बापाच्या नावावर सोसायटीचं कर्ज, अडत्याची उचल वेगळी. ते पाचशे रुपये कोणत्या सिनेमानं दिले, सर? मग घाटावर दोन टोळ्यांत भांडण झालं, एकाच्या पोटात कोयता गेला, आणि हा आत गेला.

२००७ साली आत्याला घेऊन मी हर्सूल कारागृहात मुलाकातीला गेलो. तिनं रात्री तीनला उठून धपाटे केले होते, वरून तीळ लावून, धुतलेल्या फडक्यात बांधून. घरचं आत नेता येत नाही, म्हणून ते गेटवर अडले. ती वाद घालत बसली नाही. गाठोडं पोटाशी धरून रांगेत उभी राहिली, नंतर माझ्या हातात दिलं. जाळीपलीकडं तो आला आणि पहिलं काय विचारलं, तर ‘म्हैस व्याली का?’ आत्या म्हणाली, ‘व्याली. पारडी झाली.’ पुढचा सगळा वेळ मायलेक म्हशीवरच बोलत राहिले. मी शेजारी उभा होतो. चव घेत नव्हतो, सर.

हो, ‘वास्तव’ पाहून त्यानं जाडजूड साखळी घेतली होती, पॉलिशची. तुम्ही नेमकं हेच धरून बसणार, मला ठाऊक आहे. पण त्या वर्षी तशी साखळी आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या गळ्यात होती. त्यातला एक आज मेडिकल चालवतो, एक एसटीत कंडक्टर आहे. सांगितलेलं ऐकलं नाही हा सांगणाऱ्याचा दोष म्हणायचा असेल, तर मास्तरांनाही त्यातून सुटका नाही.

‘सत्या’तला भिकू म्हात्रे समुद्रासमोर उभा राहून ओरडतो, तो प्रसंग तुम्ही पुरावा म्हणून दिलात. तो सगळ्यांनाच पाठ आहे. पण तोच भिकू मरतो कसा? मारामारी नाही, मोठा संवाद नाही. ज्या ‘भाऊ’ नावाच्या पुढाऱ्यासाठी राबला तोच डोक्यात एक गोळी घालतो. डोळा लवेपर्यंत माणूस संपलेला. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं?

सिनेमे अडवण्याचं म्हणाल तर अमेरिकेत ते करून झालंय. १९३२ च्या ‘स्कारफेस’ला ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचं उपशीर्षक जोडावं लागलं, नायक फासावर जातो असा वेगळा शेवटही चित्रित करावा लागला. त्यानं टोळ्या बंद पडल्या नाहीत. तलवारी आणि स्टेटस हा मोबाइलचा विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

लेख काढून टाका असंही तुम्ही लिहिलंत. काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही आहे तशी राहील. आत्या आता थकलीय. टीव्हीवर ‘वास्तव’ लागला की शेवट यायच्या आधी ती उठून गोठ्यात जाते, आणि आम्ही कुणी तिला हाक मारत नाही. तेवढं ‘पुण्यात बसून’ मागं घ्या.