बेअरिंग बोलतंय

ज्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही म्हणून घरच्यांनी ती दोनदा बदलून अधिकाधिक कर्कश बसवली, त्या शेजारच्या अप्पांनी काल संध्याकाळी माझ्या कानांविषयी शंका घेतली, आणि तीही मी तीन आठवडे खपून निवडलेल्या हार्ड डिस्कच्या साक्षीने.

जुनी डिस्क महिनाभर गुरगुरत होती. मग तिने दातावर दात आपटल्यासारखे ‘कट्‌-कट्‌’ सुरू केले आणि तिच्या निकामी सेक्टरांचा, म्हणजे माहिती साठवणाऱ्या बारीक तुकड्यांचा, आकडा रोज चढू लागला, तेव्हा मी सगळा डेटा उतरवून घेतला. ‘एसएसडी घे, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, आवाजाचा प्रश्नच मिटेल,’ असा सल्ला भेटेल तो देत होता. माझा संगणक सुरू होतो तो एसएसडीवरूनच. परंतु चार टेराबाइट फोटो आणि ध्वनिमुद्रणे तिच्यावर ठेवण्याची माझी ऐपत नाही, हे प्रत्येकाला समजावून सांगताना दर वेळी माझी थोडी थोडी अब्रू गेली.

डिस्क शांत असावी आणि टिकावी, एवढेच माझे मागणे होते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तिची ती गुणगुण पत्र्याच्या कॅबिनेटला चढते, म्हणून मी ५४०० फेऱ्यांची डिस्क शोधू लागलो, तर एका माहितीपत्रकात वेगाच्या रकान्यात ‘५४०० श्रेणी’ असे लिहिलेले. फेरे मोजता येत असताना श्रेणी कशासाठी सांगायची? डेसिबलचा आकडा ठळक छापलेला असतो तो तबकडी नुसती फिरत असतानाचा. लिहिणारे-वाचणारे हेड धावू लागल्यावरचा आकडा शोधायला भिंग घ्यावे लागते. काही डिस्कमध्ये ट्रॅक, म्हणजे माहितीचे गोल पट्टे, कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक कौल बदलायचे तर शेजारची ओळही पुन्हा शाकारावी लागते आणि लिहिण्याचा वेग बसतो. ही गोष्ट खोक्यावर छापायला मात्र जागा उरत नाही. टिकाऊपणाचा आकडा तर थेट दहा लाख तासांचा, म्हणजे सुमारे ११४ वर्षांचा, आणि हमी दोन वर्षांची. हा हिशेब एका डिस्कच्या आयुष्याचा नसून हजारो डिस्कच्या झुंडीचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण मी झुंड विकत घेत नव्हतो, आणि आपल्या वाट्याला त्या झुंडीतली कोणती येणार, हे सांगणारा रकाना कुठेच नव्हता.

अखेर एक डिस्क आली. रबरी वायसर घालून मी ती बसवली, कॅबिनेटला कान लावला आणि काहीच ऐकू आले नाही. एवढ्यात अप्पा आले.

“अप्पा, ऐका बरं, काही आवाज येतो का?” असे मी म्हणालो, ही माझी चूक. अप्पांची सगळी हयात यंत्रशाळेत गेलेली. त्यांनी घरी जाऊन लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला, कानातले यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले, ड्रायव्हरचे टोक चालू डिस्कच्या कडेवर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

“अप्पा, चालू आहे ती! आत हेड तबकडीपासून केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. धक्का लागेल!”

“बंद मशीन काय बोलणार?” अप्पा म्हणाले. मग बराच वेळ गेला. “बेअरिंग बोलतंय.”

“नवी कोरी आहे हो!”

“ओरडू नकोस. ऐकू दे.”

ओरडण्यावाचून इलाज नव्हता, कारण कानातले यंत्र टेबलावर होते. डिस्कजवळ कुणी जोराने ओरडले तर कंपनांमुळे तिचे लिहिणे-वाचणे मंदावते, हे प्रयोगाने दिसलेले आहे, आणि शांततेसाठी आणलेल्या डिस्कच्या उशाशी उभा राहून मी बोंबलत होतो, “यात छर्रेच नसतात अप्पा! तेलाच्या थरावर फिरते ती!”

“तेल आहे? मग वरचेवर घालावं लागेल.”

“नाही घालता येत. सीलबंद आहे.”

“म्हणजे संपलं की संपलं.” त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातले. “तुला खरंच काही ऐकू येत नाही? एकदा तपासून घे बाबा. माझंही असंच सुरू झालं होतं.”

जाताना ते ड्रायव्हर टेबलावरच ठेवून गेले. विसरून गेले असे मला वाटत नाही. रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी तो उचलला, टोक डिस्कला टेकवले, मूठ कानामागे लावली आणि श्वास रोखला. ठोके स्पष्ट ऐकू येत होते, मिनिटाला साधारण नव्वद. डिस्कचे फेरे ५४०० आहेत, म्हणजे निदान हा आवाज तिचा नाही.