मूळ पक्ष, खरा पक्ष आणि चेंबरचं झाकण

महाराष्ट्रात सुखानं नांदायचं असेल तर हल्ली थोडा अभ्यास लागतो. या २०२४ च्या पावसाळ्यात, गेल्या मंगळवारी, आमच्या अण्णांचा पाय गल्लीतल्या उघड्या चेंबरमध्ये गेला आणि घोट्याला प्लास्टर बसलं. त्या धावपळीत मला जे ज्ञान मिळालं ते तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नाही.

पहिलं म्हणजे तोंड सांभाळा. नुसतं 'शिवसेना' किंवा नुसतं 'राष्ट्रवादी' म्हणायचे दिवस गेले. बोललात की समोरून 'कुठली?' आलंच. चिन्हं पाठ करून ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठला, एका गटाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. १७ फेब्रुवारी २०२३ ला बाण शिंदेंकडे गेला आणि तलवार म्यान झाली. पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीला घड्याळ अजितदादांना मिळालं, पवारसाहेबांच्या वाट्याला तुतारी आली, तीही ती वाजवणाऱ्या माणसासकट. शेजारच्या आजी अजून 'आमचा आपला बाण' एवढंच म्हणतात. त्यांना नक्की कोण अभिप्रेत आहे हे विचारायचा धीर दोन्ही गटांना झालेला नाही.

झोप कमी करा. २३ नोव्हेंबर २०१९ ला दारात पडलेल्या पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार होते आणि टीव्हीवर फडणवीस शपथ घेऊन मोकळे झाले होते. राष्ट्रपती राजवट पहाटे ५.४७ ला उठली होती. तुम्ही तेव्हा काय करत होतात? घोरत होतात. ते सरकार चौथ्या दिवशी गेलं, म्हणजे नीट जागं होईपर्यंत तेही संपलं होतं.

भूगोल, म्हणजे शिंदेंच्या बंडखोर आमदारांचा दौरा: सुरत, गुवाहाटी, गोवा. याच क्रमानं. झाडी आणि डोंगार ऑप्शनला टाकले तरी चालेल.

लग्नपत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' छापताना दोन्ही गटांची नावं वेगवेगळ्या पानांवर घ्या. जेवणाच्या पंगतीही शक्यतो वेगळ्या.

कायद्यावर विश्वास ठेवा, फक्त घाई करू नका. ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की बहुमत चाचणी बोलावणं राज्यपालांचं चुकलं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, तेव्हा त्यांना परत बसवता येत नाही. अंपायरचं बोट चुकून वर गेलं खरं, पण बॅट्समन आपणहून चालत गेला ना! आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं, असंही कोर्ट म्हणालं. वाजवी वेळ १० जानेवारी २०२४ ला संपली. खरी शिवसेना शिंदेंची ठरली आणि अपात्र कुणीच ठरलं नाही, इकडचेही नाहीत आणि तिकडचेही नाहीत. दोन प्रतोद, दोन व्हिप, आणि सगळा वर्ग पास. आम्हाला शाळेत असा हेडमास्तर मिळाला नाही.

आता चेंबर.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून निवडणूक नाही, नगरसेवक नाही, प्रशासक आहे. म्हणजे गल्लीत एक माजी आणि सहा भावी. झाकण फुटलं तेव्हा मी माजींकडे गेलो. ते म्हणाले, "आता माझ्या सहीला कोण विचारतंय रे?" वॉर्ड ऑफिसात गेलो तर साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर. तिसऱ्या दिवशी एक इंजिनिअर भेटला. त्यानं तक्रार लिहून घेतली, नंबर दिला आणि हळूच सांगितलं की झाकण आलंय, पण ते कुणाच्या हस्ते बसवायचं यावरून दोन फोन येऊन गेलेत.

शनिवारी टेंपोतून झाकण आलं. सोबत अठरा माणसं आणि एक नारळ. अर्ध्या तासात दुसऱ्या गटाचे वीस आले. पत्र आमचं, पाठपुरावा आमचा, निधी आमचा. दोघांकडे लेटरहेडवरचं पत्र, दोन्ही लेटरहेडवर बाळासाहेब. बाचाबाची झाली, एकाचा शर्ट फाटला, पोलीस आले आणि त्यांनी कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन काम थांबवलं. झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. नारळ तेवढा फुटला. कुणाच्या हातून, यावर अजून एकमत नाही. संध्याकाळी 'आमच्या प्रयत्नांना यश' असे दोन बॅनर लागले. एकावर तेवीस चेहरे, दुसऱ्यावर एकोणीस, मी मोजलेत. दोन्ही एकाच खांबाला, एक पुढून, एक मागून. त्या खांबावर गल्लीतला एकुलता एक दिवा आहे. होता. मंगळवारी रात्री नऊला अण्णा त्याच्या अंधारातून दूध आणायला निघाले.

विचारपूस करायला मात्र दोघेही आले, खोटं कशाला बोला. सकाळी एक गट, संध्याकाळी दुसरा. संध्याकाळच्यांनी सकाळची फळांची टोपली आत न्यायला लावली, कारण ती फोटोत येत होती. अण्णांनी दोघांनाही एकच विचारलं, "झाकण बसवलं का?" सकाळचे म्हणाले, "ते लोक बसवू देत नाहीत." संध्याकाळचेही तेच म्हणाले.

तर शेवटचा सल्ला असा की...

नाही, मरू दे सल्ला. लाज वाटते का थोडी तरी? पाच वर्षं आम्ही खरं कोण आणि गद्दार कोण हेच ऐकतोय. या पाच वर्षांत तुम्ही सगळेच कधी ना कधी सत्तेत बसलात, एकही मोठा पक्ष सुटलेला नाही. मुंबईत एका सरकारनं प्रभाग २२७ चे २३६ केले, दुसऱ्यानं येऊन परत २२७ केले, आणि आरक्षणाच्या तारखांवर तारखा पडत राहिल्या. स्वतःच्या पक्षाचं नाव मिळवायला दिल्लीतला मोठ्यातला मोठा वकील उभा करता येतो, पण महापालिकेची निवडणूक व्हावी म्हणून तुमच्यातल्या कुणाचा जीव असा खालीवर झालेला मी पाहिला नाही. कशाला होईल? प्रशासकाला फोन केला की तुमचं काम भागतं. आम्ही कुणाला फोन करायचा? कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं?

आणि गल्लीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. शनिवारची मारामारी सगळ्या गॅलऱ्यांतून शूट झाली, रात्रीपर्यंत मलाच सहा जणांनी पाठवली. मंगळवारी अण्णा ओरडत होते तेव्हा खाली दोघंच आले. त्या अडतीस जणांत तुमची पोरं नव्हती का? कमरेच्या दुखण्यानं वाकलेले तुमचे म्हातारे याच रस्त्यानं देवळात जातात.

झाकण अजून भिंतीला टेकलेलंच आहे, आणि आता त्याच्यावर कुणीतरी पोस्टर चिकटवलंय. बॅनर काढा. दिव्यावरचा आधी काढा.